बकरीच्या तोंडची अंबाडी

भोपाळला आलो त्या पहिल्या वर्षी मला कुणी विचारलं असतं, की या गावात तुला सगळ्यात जास्त काय बघायचंय, तर मी मोठा तलाव म्हटलं नसतं आणि बेगमांचे महालही म्हटलं नसतं. मी छत्ता म्हटलं असतं. छत्ता म्हणजे जुन्या शहरातलं छपराखालचं मार्केट. बेगमांच्या काळात कधीतरी बांधलेलं, दगडी कमानींचं, लांबलचक. तिथं भाजी मिळे, किराणा मिळे, मसाले मिळत, आणि आईच्या भाषेत ‘बाकीचंही’ मिळे. बाबा दर रविवारी पिशव्या घेऊन तिथं जात आणि मला नेत नसत. परत आले की मी त्यांच्या मागे लागे. आत काय असतं? अंधार असतो. अंधारात काय असतं? भाज्या असतात. भाज्यांच्या पलीकडे काय असतं? यावर बाबा पिशवी खाली ठेवून चपला काढायला लागत. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसे त्या प्रश्नाच्या वेळी बाबांच्या चपलेचा बंद हटकून अडकत असे.

आम्ही नागपूरचे. नागपूर राजधानी होतं तोवर बाबांचं ऑफिस घरापासून पायी चालत जाण्याएवढं जवळ होतं. मग राज्यांची नव्याने आखणी झाली, नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं, आणि जुन्या राज्याचा कारभार नव्या राज्यात, म्हणजे भोपाळला आला. आधी ऑफिसची कपाटं रेल्वेने गेली आणि त्यांच्या मागोमाग आम्ही. सामान बांधताना सगळी आळी थट्टा करून गेली. ‘भोपळ्यात बसून चालले म्हणा की,’ असं प्रत्येक जण आपल्यालाच सुचल्यासारखं म्हणे. इथं आम्हाला दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. भिंतींचा चुना अजून ओला होता, बोट लावलं की पांढरं व्हायचं. दारासमोर काळी माती, पलीकडे बाभळी, आणि संध्याकाळी वाऱ्याबरोबर शहराकडून येणारी अजान. सगळी ओळ नागपूरकडून आलेल्यांची, त्यामुळे दुपारी दारं उघडी असली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच भाषा ऐकू यायची. ओळीच्या बाहेर पाऊल टाकलं की संपली.

आईने त्या घरात अर्धंच सामान उघडलं होतं. मोठी पितळी भांडी गोणपाटातच शिवलेली राहिली. तुळस तिने अंगणात लावलीच नाही, तुपाच्या रिकाम्या डब्यात लावली, उचलून नेता यावी म्हणून. शेजारच्या वझलवार काकूंनी एकदा विचारलं, ‘काहून हो, जागा तर एवढी पडली आहे?’ तर आई म्हणाली, ‘आपण काय इथं राहायला आलोय का?’ हे वाक्य तिचं ठरलेलं होतं. पडदे का नाही शिवले, लोणचं थोडंच का घातलं, भिंतीला खुंटी का नाही ठोकली, सगळ्याला तेच उत्तर. आणि ते अगदीच हवेतलं नव्हतं. बाबांच्या खात्यात अजून विचारणा चालू होती. ज्यांना परत जायचं असेल त्यांनी दिवाळीपर्यंत साहेबांना सांगावं, सोय होईल तशी बदली करू, असं सांगण्यात आलं होतं. बाबांना इथं वरची जागा मिळाली होती, कामही आवडत होतं. पण ते तसं म्हणत नव्हते. आई काही बोलली की त्यांचंही वाक्य ठरलेलं होतं: ‘तू म्हणशील तसं.’ आता तू म्हणशील तसं म्हटल्यावर माणसाने काहीतरी म्हणायला पाहिजे ना? आई स्पष्ट काही म्हणत नव्हती, नुसती गोणपाटातली भांडी सोडत नव्हती. असं आमचं घर त्या वर्षी एक पाय उचलून उभं होतं.

छत्त्याबद्दल आईचा नियम असा होता, की बाबांनी तोंडाशीच भाजी घ्यायची, आत जायचं नाही. कारण त्या एकाच छपराखाली पुढे भाजी होती आणि मागे खाटकांचे आणि मासळीचे ओटे होते. मध्ये म्हणे एक गोणपाटाचा पडदा होता. ‘पडद्याने काय होतं? वारा तर एकच ना?’ असं आई म्हणे. बाबा मान हलवत. आणलेली भाजी आई दोनदा धुई, मग निवडी, मग पुन्हा धुई. मला मात्र तो पडदा छळत असे. मी कधी पाहिलेला नव्हता, तरी मला तो रंगासकट दिसायचा. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, की माणसाला एखाद्या गावाची ओढ लावायची असेल तर त्यातली एक जागा त्याला दाखवायची नाही. बास.

मग भाद्रपद आला. आमच्या घरच्या महालक्ष्म्या नागपूरला, मोठ्या आईकडे, म्हणजे माझ्या मोठ्या काकूकडे. दोन्ही महालक्ष्म्यांचे मुखवटे, साड्या, पोटात ठेवायचे धान्याचे डबे, सगळं तिच्याच ताब्यात, आणि मानही सगळा तिचाच. माझी आई धाकटी सून. पण सोळा भाज्यांचा स्वयंपाक तिचा होता. सोळा भाज्या निवडून, चिरून, शिजवून महालक्ष्म्यांच्या ताटात वाढायच्या, हे काम लग्न होऊन आली त्या वर्षीपासून तिने कुणाला करू दिलं नव्हतं. त्या तीन दिवसांसाठी आम्ही नागपूरला जाणार होतो. आईने आठवडाभर आधी ट्रंक भरली, माझी परकर-पोलकी इस्त्री केली, धाकट्या बाळूचे केस कापून घेतले. तिच्या तोंडावर मी कितीतरी महिन्यांनी हसू बघत होते. टांगा करून स्टेशनवर गेलो तर फलाटावर माणसंच माणसं बसलेली. नर्मदेला पूर आला होता. होशंगाबादला पाणी इतकं चढलं होतं, की गाड्या सोडत नव्हते, आणि कधी सोडतील ते कुणी सांगत नव्हतं. आम्ही दुपारपर्यंत ट्रंकेवर बसून राहिलो. मग बाबांनी टांगा केला. घरी आल्यावर आईने ट्रंक उघडली नाही, तशीच कॉटखाली सरकवली, आणि तोंडाला पदर लावून रडली. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मला असंही वाटत होतं, की नर्मदा असते तरी केवढी, की ती एवढी मोठी गाडी अडवते.

संध्याकाळी वझलवार काकू आल्या. त्यांचंही नागपूरला जाणं अडलं होतं. त्या म्हणाल्या, ‘इथंच बसवा ना महालक्ष्म्या. दोन तांब्यांवर नारळ ठेवू, साड्या गुंडाळू. भाव महत्त्वाचा.’

‘नाही बसवायच्या,’ आई म्हणाली.

‘काहून?’

‘एकदा बसवल्या की दर वर्षी त्याच घरात बसवाव्या लागतात. निघताना त्यांना पुन्हा या म्हणावं लागतं. पुढल्या वर्षी आपण इथं कशाला असू?’

बाबा बाजेवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, पण वाचतही नव्हते.

पण भाद्रपदातले ते तीन दिवस घरात काहीच न करता बसणं आईला जमणारं नव्हतं. रात्रीचा स्वयंपाक करता करता तिने स्वतःच तोड काढली. महालक्ष्म्या बसवायच्या नाहीत, फक्त जेवायला बोलवायच्या. कुणी परगावी असलं तरी पाहुण्याला जेवायला बोलावतंच की. पाहुणा जेवतो, हात धुतो, जातो. त्याला पुन्हा या असं म्हणायचंच, अशी सक्ती नाही. ही तोड शास्त्रात बसत होती की नाही मला माहीत नाही, पण आईच्या चेहऱ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पिशव्या घेऊन बाहेर पडले ते दहाच्या सुमाराला परत आले. आईने चटईवर भाज्या मांडल्या. दोडकी, कारली, पडवळ, गवार, भेंडी, ढेमसं, कोहळं, अळू, मक्याचं कणीस, राजगिरा, असं करत ती मोजत गेली. सोळा भरल्या. पण आईने मान हलवली.

‘अंबाडी?’

‘नाही मिळाली,’ बाबा म्हणाले. ‘विचारलं मी. नाही म्हणतात.’

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडे सोळापैकी कुठलीही भाजी इकडची तिकडे झाली तर चालते, अंबाडीशिवाय चालत नाही. ज्वारीच्या कण्या घातलेली आंबट अंबाडी आणि ज्वारीची आंबील. बाकी पुरणपोळी, भजी, चटण्या सगळं आहेच, पण मोठी आई म्हणायची, महालक्ष्मी पुरणाला येत नाही, अंबाडीला येते. माझ्या आईने ती ओळ मनावर गोंदवून घेतली होती. ‘कोण नाही म्हणतात?’ तिने विचारलं. बाबा म्हणाले, मार्केटातले म्हणतात. ‘मार्केटातले म्हणजे कुठले? तोंडाशी बसणारेच ना?’ बाबांच्या चपलेचा बंद अडकला. आईने हात धुतले, चटईवरच्या भाज्यांवर सूप पालथं घातलं, नवी साडी नेसली आणि म्हणाली, ‘बाळूला काकूंकडे ठेवा. मी येते.’ मी काही विचारलंच नाही. विचारलं की नाही म्हणतील, म्हणून मी गुपचूप टांग्यात पुढच्या बाजूला टांगेवाल्याशेजारी जाऊन बसले.

छत्त्याचं तोंड म्हणजे एक उंच कमान, तिच्यावर दगडात कोरलेली फुलं आणि फुलांत चिमण्यांची घरटी. आत शिरलो आणि पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. बाबा खरंच सांगत होते, अंधार होता. मग डोळे सरावले. छप्पर इतकं उंच होतं, की वर कबुतरं उडत होती आणि त्यांचा आवाज जरा वेळाने खाली येत होता. भिंतीत वरच्या अंगाला जाळ्यांच्या खिडक्या होत्या, त्यांतून ऊन तिरपं आत येऊन एखाद्या वांग्याच्या ढिगावर किंवा कुणाच्या टोपीवर पडत होतं. दोन्ही बाजूंनी दगडी ओटे, बसून बसून मधोमध खोलगट झालेले. ओट्यांवर पाय दुमडून बसलेली माणसं आणि बायका, समोर ओल्या गोणपाटावर भाज्या. वास तर इतके, की कुठला कुठला ते कळेना. धणे, ओली माती, कच्चे पेरू, भिजलेलं गोणपाट, कुठेतरी तळण, आणि दुरून, अगदी दुरून, आणखी एक वास, ज्याच्यासाठी आईने पदर नाकाशी धरला. ‘को खां, कां चल दिए?’ असं एक जण हाक मारत होता आणि दुसरा त्याला न बघताच काहीतरी उत्तर देत होता. सगळं मार्केट एकमेकांना खां म्हणत होतं. मी मान वर करून चालत होते आणि आईने माझं मनगट धरलं होतं.

आम्ही तिसऱ्या कमानीपाशी पोचलो तोच एका ओट्यावरून, जिथं चहाचा मोठा भगोणा वाफाळत होता, एक दाढीवाले गृहस्थ ओरडले, ‘अरे बाबूजी! आज भाभी साब को भी ले आए? बनाऊं वोई नमक वाली?’

बाबा थांबले. आईही थांबली. मी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे, आणि बाबांनी वर कबुतरांकडे. म्हणजे आमचे बाबा दर रविवारी तोंडाशी भाजी घेऊन, मग आत तिसऱ्या कमानीपर्यंत जाऊन मीठ घातलेला चहा पिऊन येत होते. इतक्या महिन्यांत घरी कुणाला पत्ता नव्हता. आई म्हणाली, ‘चला पुढं.’ पण तिचा राग असतो तेव्हा कसा असतो ते मला ठाऊक होतं, आणि हा राग नव्हता. तिला पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं, आणि ते काय आहे याचा ती विचार करत होती.

अंबाडीचं मात्र कुठंच नाव नव्हतं. आई आपल्या नागपुरी हिंदीत प्रत्येक ओट्यापाशी विचारत होती. ‘वो आंबट भाजी रहती ना, पाच बोटांसारखा पान, डांडी थोडी लाल, है क्या?’ कुणी पालक पुढे करी, कुणी चुका दाखवी. एकाने तर भेंडीची पानं दाखवली. माणसं भली होती, आपली भाजी सोडून शेजारच्याला विचारत होती, ‘को मियां, ये भाभी क्या मांग रई हैं?’ आणि शेजारचा त्याच्या शेजारच्याला. थोड्याच वेळात अर्धा छत्ता आमच्या अंबाडीच्या विचारात पडला होता, पण पाहिली मात्र कुणी नव्हती. आई एकेक कमान पुढे सरकत होती आणि प्रत्येक कमानीशी तिचा पाय थोडा जड होत होता. शेवटी ती उभीच राहिली. पुढे भाजी संपत होती आणि तो पडदा दिसत होता. गोणपाटाचाच, मी मनात पाहिला होता तसाच, फक्त त्याला मध्ये मोठं भोक होतं. आई म्हणाली, ‘नाहीच इथं. जाऊ द्या. नशिबातच नाही.’ नवी साडी नेसून आलेली माझी आई त्या गर्दीत एकदम लहान दिसायला लागली.

माझं लक्ष तिच्याकडे असायला हवं होतं, पण ते पडद्याकडे होतं. पडद्याला लागून शेवटच्या ओट्याशी एक बकरी बांधली होती. पांढरी, कानावर काळा ठिपका. ती काहीतरी इतकं चवीने खात होती, की मला राहवलं नाही. मी मनगट सोडवून तिच्याकडे गेले. बकरी काय खाते एवढंच मला बघायचं होतं. मागून आईची हाक आली, ‘कुसू! तिकडे नाही!’ आणि मग हाकेच्या मागोमाग आईच आली, पडद्यापर्यंत, पदर नाकाला लावून, मला ओढायला हात पुढे करून. आणि तो हात तसाच राहिला. बकरीच्या तोंडातून एक पान बाहेर लोंबत होतं. पाच बोटांचं. देठ लालसर.

शेवटच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिला सगळे हमीदन बी म्हणत, ते नंतर कळलं. तिच्यासमोर पालक, मेथी आणि राजगिऱ्याच्या जुड्या होत्या, आणि बाजूला उंच हिरव्या काड्यांचा भारा. ती एक काडी उचले, शेंडा मोडून बकरीकडे टाके, काडीची साल दाताने सोलून काढी आणि त्या ओल्या सालीने पालकाची जुडी बांधी. मग दुसरी काडी. ज्या भाजीसाठी आम्ही सगळं मार्केट पालथं घातलं होतं, तिच्याच दोरीने मार्केटातल्या सगळ्या पालेभाज्या बांधलेल्या होत्या. सकाळी बाबांनी आणलेल्या राजगिऱ्याची जुडीही तिनेच बांधलेली असणार, आणि आईने ती सोडून दोरी केरात टाकली असणार. इथल्या खेड्यांत अंबाडी शेताच्या बांधावर दोरासाठी लावत. तिचं पान माणसं खातात हे कुणाच्या गावी नव्हतं.

आईने बकरीपुढच्या ढिगातला एक शेंडा उचलला. पान खुडलं आणि तोंडात घातलं. बाजारात उभ्याने कधी पाण्याचा घोट न घेतलेली माझी आई, खाटकांच्या पडद्याला पाठ लावून उभी राहून पान चावत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते आंबटपणाचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. बकरीने मात्र लगेच ओळखलं की हिचा बेत बरा नाही, आणि तिने आईच्या हातातल्या शेंड्याला तोंड घातलं. आईने ओढलं, बकरीने ओढलं. हमीदन बी हातातली काडी टाकून हसायला लागली.

‘ऐ बाई, बकरी का निवाला छीन रई हो?’

‘ये खाने की चीज है,’ आई म्हणाली.

‘खाने की? ये तो बांधने की है. हां, बकरी खाती है.’

‘हमारे यहां देव खाता,’ आई म्हणाली, आणि शेंडे गोळा करून बाबांच्या पिशवीत भरायला लागली. हमीदन बीने आणखी काड्या पुढे सरकवल्या. कचऱ्याचे काय घ्यायचे, ले जाओ, म्हणाली. पण देवाचं फुकट घ्यायचं नसतं. आई क्षणभर अडली. मग तिने हमीदन बीकडची राजगिऱ्याची चांगली ताजी जुडी विकत घेतली, सोडली आणि बकरीपुढे टाकली. ‘तिचं घेतलं, तिलाच द्यायला पाहिजे,’ ती बाबांना म्हणाली. बकरीने राजगिरा हुंगला आणि तोंड फिरवलं. तिला अंबाडीच हवी होती. बाबा म्हणाले, ‘हिचं माहेर नागपूरचं दिसतं.’ आणि आई हसली. त्या मार्केटात, सगळ्यांदेखत, तोंडावर पदर न घेता हसली. निघताना तिने हमीदन बीला सांगितलं, की शिजवल्यावर भाजी पाठवते, खाऊन बघा. टांग्यात बसल्यावर आई म्हणाली, ‘चहात मीठ असतं का हो?’ बाबा म्हणाले, ‘चिमूटभर.’ ‘बरं लागतं?’ ‘सवयीने लागतं.’

त्या संध्याकाळी आईने गोणपाटाची शिवण उसवली. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक ॲल्युमिनियमच्या भांड्यांत कसा करायचा, म्हणून. चिंचेने घासलेली पितळी पातेली ओळीने दारात वाळायला ठेवली, तेव्हा आमचं क्वार्टर मला पहिल्यांदा घरासारखं दिसलं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाट्यावर वरवंटा घासल्याचा आवाज येत होता. अंबाडी उकडून, पिळून, कण्यांबरोबर शिजली, तिच्यावर लाल मिरची-मोहरीची फोडणी पडली आणि तो वास ओळीभर गेला. वझलवार काकू सवाष्ण म्हणून जेवायला यायच्या होत्याच, पण त्यांच्यामागे आणखी दोघी-तिघी नुसत्याच दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘अंबाडी? इथं? कुठं मिळाली हो?’ आई म्हणाली, ‘छत्त्यात. आतल्या बाजूला.’ जसं काही ती जन्मभर तिथं जात होती. पाटावर दोन तांबे, तांब्यांवर नारळ आणि समोर ताट. बसवल्या नव्हत्या, जेवायला बोलावल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी भाजीचा डबा घेऊन छत्त्यात गेलो. बाबा ऑफिसला गेले होते, पण या वेळी त्यांची गरज पडली नाही. हमीदन बीने बोटावर भाजी घेतली, चाखली आणि एक डोळा गच्च मिटला. ‘या अल्लाह, इत्ती खट्टी!’ मग पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा शेजारच्या ओट्यावरच्या बाईलाही चाखवली. ‘और हम बकरियों को खिलाते रए,’ ती म्हणाली. आईने तिला कशी करायची ते सांगितलं. हातवारे करून, कण्या म्हणजे काय ते ज्वारीचे दाणे दाखवून. हमीदन बीने विचारलं, ‘अगले बरस भी चाहिए होगी? तो शेंडे रख लूंगी, बताओ.’ शेंडे हा शब्द तिने आईकडूनच दोन दिवसांपूर्वी उचलला होता. आईने डबा पुसून घेतला, आणि आम्ही निघालो.

मी आता इंद्रपुरीत राहते. लग्नानंतर यांची नोकरी इथल्या कारखान्यात, त्यामुळे भोपाळ काही सुटलं नाही. नातवाला क्लासला महाराणा प्रताप नगरात सोडायला जाते, पण जुन्या शहरात महिन्यातून एकदा तरी जातेच. छत्त्याच्या निम्म्या छपरावर आता पत्रे आहेत आणि पुढच्या ओट्यांवर मोबाइलची कव्हरं लटकतात. पण भाद्रपदात आतल्या बाजूला अजूनही पालेभाजीवाल्या अंबाडीच्या जुड्या घेऊन बसतात. त्यांना मी विचारलं, याला काय म्हणता? तर म्हणतात, नागपुरी भाजी. कुणी नाव ठेवलं ते त्यांना माहीत नाही. मी सांगत बसत नाही.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोपाची वेळ झाली. नागपूरला हे सगळं मोठी आई करी. हळदकुंकू लावून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून, अक्षता टाकून ‘पुन्हा या’ म्हणायचा मान घरातल्या कर्त्या बाईचा. माझी आई तेव्हा मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, हात पुसत उभी असे. तो शब्द तिने आयुष्यात एकदाही उच्चारलेला नव्हता. आज पाटासमोर तीच होती. बाबा हात जोडून, डोळे मिटून उभे होते. बाळू कंटाळला होता. वझलवार काकू दारात होत्या. मला ठाऊक होतं की आई आता काही न बोलता अक्षता टाकणार, कारण पाहुण्यांना पुन्हा या म्हणायची सक्ती नाही, असं तिनेच ठरवलं होतं. आणि मला तसं व्हायला नको होतं. छत्त्यातल्या त्या पडद्याच्या भोकातून पलीकडचं मी अजून नीट पाहिलेलं नव्हतं. तलावावरून मासे कसे येतात ते पाहिलं नव्हतं, बेगमेचा महाल आतून पाहिला नव्हता, आणि त्या बकरीचं पुढे काय होणार तेही मला कळायचं होतं. मी देवाकडे पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं ते तेव्हा.

आईने हळदकुंकू लावलं. दहीभात दाखवला. मुठीत अक्षता घेतल्या. मग तिने त्या दोन्ही तांब्यांवर टाकल्या आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, ‘पुढल्या वर्षी या. अंबाडी मी आधीच सांगून ठेवते.’

बाबांनी डोळे उघडले. ‘म्हणजे?’ ते हळूच म्हणाले.

‘म्हणजे काय म्हणजे,’ आई म्हणाली. ‘हात पुढं करा. दहीभात घ्या.’